आकडा वाढला, आता काय? रुग्ण आणि नवजात बाळांच्या धोक्याच्या अंदाजाविषयी प्रश्नोत्तरे

वॉर्डातला कोणता रुग्ण पुढच्या काही तासांत खालावेल आणि कोणत्या नवजात बाळाला जंतुसंसर्ग असू शकेल, या दोन्हींचा आगाऊ अंदाज बांधण्याचं मोठं काम कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनेन्टे या आरोग्यसंस्थेत गेब्रिएल एस्कोबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्या अनुषंगाने आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत बाळंत झाली. कळा सुरू असताना तिला ताप होता. डॉक्टरांनी संगणकात माहिती भरली, ‘धोका हजारात ०.६’ म्हणाले आणि बाळाला अँटिबायोटिक दिलंच नाही. हा हलगर्जीपणा नाही का?

नाही. डॉक्टरांनी वापरला तो बाळाला जन्मानंतर लवकर होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका काढणारा कायझरचा कॅल्क्युलेटर; गर्भाचे ३४ किंवा जास्त आठवडे भरलेल्या बाळांसाठी तो आहे. त्यामागे सहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी आहेत आणि त्यांत रक्तात जंतू सापडलेली बाळं होती फक्त ३५०.

गणित दोन टप्प्यांत होतं. आधी आईची माहिती : गर्भाचे आठवडे आणि दिवस, प्रसूतीपूर्वीचा सर्वांत जास्त ताप, पाणी जाऊन किती तास झाले, जीबीएस (आईकडून बाळाला संसर्ग देऊ शकणारा एक जंतू) याची तपासणी, कोणतं अँटिबायोटिक प्रसूतीच्या किती तास आधी दिलं. यातून जन्मवेळचा धोका निघतो. मग बाळाची तपासणी. बाळ छान दिसत असेल तर तो आकडा साधारण ०.४ ने गुणला जातो, संशयास्पद असेल तर ५ ने, उघड आजारी असेल तर २१ ने. म्हणजे जन्मवेळचा धोका हजारात १.५ असेल, तर ठणठणीत बाळाचा ०.६ होतो, संशयास्पद बाळाचा ७.५ आणि आजारी बाळाचा तिसाच्या वर. हजारात १ पासून रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी) आणि ३ पासून अँटिबायोटिक, असे उंबरठे सर्वसाधारणपणे धरले जातात. तुमच्या नातवंडाचा आकडा दोन्हींच्या खाली आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कायझरच्याच अभ्यासात, ही पद्धत आल्यावर पहिल्या २४ तासांत अँटिबायोटिक मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं आणि संसर्गामुळे पुन्हा दाखल होणारी बाळं वाढली नाहीत.

मात्र ०.६ हा आकडा ‘बाळ छान आहे’ या तपासणीवर उभा आहे, आणि ती तपासणी पुन:पुन्हा करावी लागते. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, नाडी १६० किंवा जास्त, तापमान अस्थिर, यांतलं एखादं चार तास टिकलं किंवा कोणतीही दोन लक्षणं दोन तास टिकली, की बाळ ‘संशयास्पद’ गटात जातं आणि गणित नव्याने मांडावं लागतं. चुका होतात त्या बहुधा माहिती भरताना : सर्वांत जास्त तापाऐवजी शेवटचा ताप लिहिला जातो, किंवा पाणी कधी गेलं ते अंदाजपंचे टाकलं जातं.

प्रश्न : मग तालुक्याच्या रुग्णालयात आम्हीही तो वापरायला काय हरकत? (बालरोगतज्ज्ञ)

जसाच्या तसा वापरू नका. त्यात पहिलीच चौकट असते ती त्या भागात हजार जन्मांमागे किती बाळांना लवकरचा संसर्ग होतो याची. अमेरिकेत तो आकडा ०.५ च्या आसपास धरतात. आपल्याकडे तो खूपच जास्त आहे आणि बहुतेक रुग्णालयांना स्वत:चा आकडा माहीतच नसतो. पायाच चुकला की पुढचं सगळं गणित त्याच पटीत चुकतं. दुसरं, जंतू वेगळे. तिकडे जीबीएस मुख्य. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ च्या अभ्यासात आघाडीवर होते असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. आईची जीबीएस तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही, त्यामुळे ती चौकट ‘माहीत नाही’ अशीच राहते.

करण्यासारखं काय? मागच्या दोन-तीन वर्षांचे केसपेपर काढा, कल्चर पॉझिटिव्ह बाळं मोजा, प्रत्येकाचा त्या वेळी आकडा किती आला असता ते काढा आणि किती निसटली असती ते पाहा. तोवर नेहमीचे निकष सोडू नका.

संगणकाशिवायही अंदाज बांधता येतो, हे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने दाखवून दिलं आहे. रडणं क्षीण होणं, अंग सैल पडणं, दूध ओढणं कमी होणं, छाती आत ओढली जाणं अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की धोका समजायचा. गावातली आरोग्यदूत हे घरच्या घरी तपासू शकते. या निकषात न दगावणारी बाळंही बरीच येतात. तिथे ते चालतं, कारण एक आजारी बाळ सुटण्याची किंमत फार मोठी आहे.

प्रश्न : आमच्या वॉर्डात ‘न्यूज-२’ हा, श्वास, नाडी, बीपी अशा नोंदींना गुण देऊन खालावणारा रुग्ण ओळखण्याचा तक्ता आला आहे. परवा एका रुग्णाचं कोणतंच रीडिंग फार वाईट नव्हतं, तरी बेरीज ६ आली. उगाच घाबरवतो का हा तक्ता? (परिचारिका)

ताई, तक्ता नेमका यासाठीच आहे. समजा श्वास २२ (२ गुण), ऑक्सिजनशिवाय एसपीओ-टू ९५ (१), वरचं बीपी १०८ (१), नाडी १०४ (१), ताप ३८.२ सेल्सिअस (१), रुग्ण शुद्धीवर (०). एकेकटं पाहिलं तर राउंडला कोणी थबकणार नाही, पण बेरीज ६. बेरीज पाच किंवा जास्त आली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि निदान तासाला एकदा नोंद करायची. सात किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. एखाद्याच रीडिंगला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांना कळवायचं. गरोदर स्त्रिया आणि १६ वर्षांखालच्या मुलांना हा तक्ता लावू नका.

सगळ्यात जास्त घोळ श्वासाच्या रकान्यात होतो. अख्ख्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास १८ किंवा २० लिहिलेला दिसला, तर तो कोणी मोजलेला नाही असं खुशाल समजा. वरच्या रुग्णाचा श्वास २० लिहिला असता, तर बेरीज ४ झाली असती आणि फोन गेलाच नसता. पूर्ण ६० सेकंद मोजा, शक्यतो नाडी धरल्याचं दाखवत, म्हणजे रुग्ण श्वास बदलत नाही.

प्रश्न : कोणता रुग्ण खालावेल हे सांगणाऱ्या आमच्या संगणकीय मॉडेलची अचूकता ९६ टक्के आहे, तरी डॉक्टर अलर्टकडे पाहत नाहीत. (डेटा सायन्सचा विद्यार्थी)

शंभरात तीनच रुग्ण खालावत असतील, तर ‘कोणीच खालावणार नाही’ म्हणणारं मॉडेल ९७ टक्के अचूक ठरतं. तेव्हा तो आकडा बाजूला ठेवा. हजार रुग्ण घ्या, त्यांत ३० खालावणारे. मॉडेलने ८० टक्के पकडले म्हणजे २४. उरलेल्या ९७० पैकी १० टक्क्यांवर खोटा अलर्ट म्हणजे ९७. एकूण १२१ अलर्ट, खरे २४. पाचातले चार फुकट जात असतील, तर दुर्लक्ष करणाऱ्या डॉक्टरांना मी तरी दोष देणार नाही.

कायझरने याची सोय मॉडेलच्या बाहेर केली. तिथलं मॉडेल १२ तास पुढचा अंदाज दर तासाला काढतं, पण अलर्ट थेट वॉर्डात वाजत नाही. दूरवर बसलेल्या अनुभवी परिचारिका आधी नोंदी पाहतात आणि गरज वाटली तर त्या रुग्णालयाच्या तातडीच्या पथकाला कळवतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, अलर्टची पातळी गाठलेल्या रुग्णांचा ३० दिवसांतला मृत्युदर ही व्यवस्था असताना १५.८ टक्के, नसताना २०.४ टक्के होता. रुग्णांमधले फरक जमेस धरल्यावरही धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी भरला. याउलट रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं सेप्सिसचा (संसर्गामुळे शरीराचं काम बिघडण्याचा) अंदाज देणारं मॉडेल मिशिगनमध्ये तपासलं, तेव्हा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोनतृतीयांश सेप्सिसचे रुग्ण त्यातून सुटले होते.

अजून एक सापळा. न्यूमोनियाच्या एका जुन्या डेटातून मॉडेल ‘दमा असलेल्यांना धोका कमी’ असं शिकलं. कारण दम्याच्या रुग्णांना थेट आयसीयूत नेत आणि ते वाचत. तुमच्या मॉडेलमध्ये ‘अँटिबायोटिक सुरू केलं’ किंवा ‘लॅक्टेट (गंभीर आजाराचा संशय आल्यावर करतात ती रक्ततपासणी) मागवलं’ असा रकाना आहे का? असेल तर डॉक्टरांना जे आधीच कळलंय, तेच तुम्ही त्यांना परत सांगताय.

प्रश्न : बाळाचा अपगार स्कोअर पहिल्या मिनिटाला ५ होता. पुढे बुद्धीवर परिणाम होईल का?

एकट्या या आकड्यावरून तसं सांगता येत नाही. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये तो मांडला तो जन्मत:च बाळाची अवस्था पटकन टिपण्यासाठी. डिस्चार्ज कार्डावर पाचव्या मिनिटाचा स्कोअर पाहा. तो ७ किंवा जास्त असेल, तर पहिल्या मिनिटाचा ५ विसरून जा. ७ पेक्षा कमी असेल, तर दर पाच मिनिटांनी २० मिनिटांपर्यंतचे स्कोअर लिहिलेले असायला हवेत. ते आणि बाळाला श्वास द्यावा लागला का याची नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.