ड्रेस्डेनला जेल मॉडेलिंगची पीएचडी घेऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर

अरे, तुझा मेसेज सावकाश वाचला. एम.टेक. मेकॅनिकल, फायनाइट एलिमेंटवर (वस्तूचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर गणित करण्यावर) हात बसलेला, जर्मनीत ड्रेस्डेनला मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्रव खेळवणाऱ्या चिपसाठी) रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे तापमान वगैरे बदललं की फुगणाऱ्या-आकसणाऱ्या, जेलच्या मॉडेलिंगची पीएचडीची जागा, पुढच्या महिन्यात ऑनलाइन इंटरव्ह्यू, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली ती सुटलीच, आणि त्यात वर्षभरात लग्न. माझी पीएचडी इथेच आणि जवळपास याच विषयात झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

केमिस्ट्रीची धास्ती सोड. तुला रिअ‍ॅक्शन लिहायच्या नाहीयेत, थर्मोडायनॅमिक्स मात्र पक्कं लागेल. अशा जेलांत सगळ्यात जास्त वापरात असलेलं म्हणजे पीनायपाम नावाच्या पॉलिमरचं, ते साधारण ३२ अंशांच्या खाली पाणी पिऊन टम्म फुगतं आणि वर गेलं की पाणी सोडून आकसतं, मग चॅनेलमध्ये त्याचा तुकडा बसवला की थंड असताना वाट बंद, गरम केलं की उघडी, झाला व्हॉल्व्ह. संशोधक डेव्हिड बीबींच्या ग्रुपने २००० साली 'नेचर'मध्ये दाखवले ते व्हॉल्व्ह पीएचवर चालणारे होते, त्यांना तर बाहेरून वीजही नको. हे सगळं मायक्रो लेव्हललाच का करतात तर तानाका आणि फिलमोर या संशोधकांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की फुगायला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणजे तुकडा दहापट लहान केला की वेळ शंभरपट कमी. मोठ्या ठोकळ्याला तासन्‌तास लागतात तिथे बारीक ठिपका सेकंदांत काम करतो.

आता मॉडेल. फ्लोरी-रेनरची, म्हणजे जेल फुगण्याच्या सिद्धांतातली, फ्री एनर्जी घ्यायची, एक भाग पॉलिमर-पाण्याच्या मिसळण्याचा आणि एक जाळं ताणल्याचा, जेल चार्ज्ड असेल तर आयनांचा तिसरा, आणि ते अबॅकस या फायनाइट एलिमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये यूझर सबरूटीन (आपण लिहिलेला जोड-कोड) म्हणून बसवायचं. पूर्ण कोरड्या अवस्थेपासून सुरू केलंस तर त्या एनर्जीतली लॉगची टर्म अनंताकडे पळते, म्हणून थोडं फुगलेलं जेल हीच सुरुवात धरतात. ३२ अंशांच्या आसपास सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) रडतो. हे सगळं तू शिकशील, त्याची काळजी नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे, पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमध्ये घालायचे आकडे. फ्लोरी-हगिन्सचा, म्हणजे पॉलिमर आणि पाण्याचं कितपत जमतं हे सांगणारा, जो आकडा पेपरात छापलेला असतो तो त्यांच्या जेलचा, तुझ्या जेलचा नाही! क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ) थोडा बदलला, पाण्यात मीठ आलं, नुसती बॅच बदलली तरी तापमानानुसार फुगण्याचा कर्व्ह सरकतो. मोजायचं कसं तर मायक्रोस्कोपखाली हीटिंग स्टेजवर जेलचा ठिपका ठेवायचा, अर्ध्या अर्ध्या अंशाने तापमान वाढवायचं, प्रत्येक पायरीवर हालचाल थांबेपर्यंत बसून राहायचं आणि फोटोत कडा शोधून व्यास काढायचा. ट्रान्झिशनजवळ जेल दुधाळ होतं, कॉन्ट्रास्ट बदलतो, कडा शोधणारा प्रोग्रॅम भलतीकडेच रेघ मारतो, आणि नेमका तिथलाच डेटा तुला हवा असतो. वर ठिपका काचेला चिकटलेला असेल तर तो मोकळ्या जेलसारखा फुगतच नाही, त्यामुळे त्या आकड्यांवर मोकळ्या जेलचं मॉडेल फिट केलं की सगळं मुसळ केरात.

म्हणून इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच विचार: जेल बनवतो कोण, मोजतो कोण आणि त्यांची लॅब किती लांब? 'आम्ही लिटरेचरमधून घेतो' असं उत्तर आलं तर मी दोनदा विचार करेन, टॉपिक कितीही भारी असू दे. टीयू ड्रेस्डेनची (इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची) जमेची बाजू हीच की २०१३ पासून इथे हायड्रोजेल (पाणी धरणारं जेल) मायक्रोसिस्टिम्सवर एक मोठा रिसर्च ट्रेनिंग ग्रुप, म्हणजे पीएचडीवाल्यांचा एकत्र कार्यक्रम, चालला, मेकॅनिक्सवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, केमिस्ट सगळे त्यात, त्यामुळे एकमेकांची भाषा कळणारी माणसं भेटतात.

दुसरा प्रश्न पैशांचा, लाजू नकोस. पगार टीव्ही-एल ई१३ ने, म्हणजे जर्मन राज्यांच्या ठरलेल्या पगारश्रेणीने, मिळतो, पण किती टक्क्यांची जागा ते बघ. पूर्ण जागेला २०२५ मध्ये पहिल्या पायरीवर साधारण ४,६०० युरो ग्रॉस होते, एकट्या माणसाच्या हातात २,८०० च्या आसपास. ६५ टक्क्यांची जागा असेल तर हातात जेमतेम दोन हजार, आणि काम ६५ टक्केच करायचं असं कोणी समजत नाही. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं आणि पुढचा पैसा कुठल्या प्रोजेक्टमधून, हेही विचार, एकेक वर्षाने वाढवत नेणारे ग्रुप असतात आणि प्रत्येक वेळी राहण्याच्या परमिटच्या ऑफिसची अपॉइंटमेंट म्हणजे डोक्याला ताप.

लग्नाचं म्हणत होतास, तर व्हिसा कुठला मिळतोय ते आत्ताच बघ. स्टुडंट परमिटवर गेलास तर बायकोला यायला साधारणपणे ए१ (सगळ्यात पहिल्या पातळीच्या) जर्मनचं सर्टिफिकेट लागतं, रिसर्चर परमिटवर गेलास तर ती अट नाही आणि तिला इथे कामही करता येतं. रिसर्चरवाल्यासाठी युनिव्हर्सिटीकडून संशोधक म्हणून ठेवून घेण्याचा करार, म्हणजे होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट लागतं, ते एचआरकडे आधीच माग, आपणहून कोणी देत नाही. तरी तिने ए१ केलेलं बरं, नाहीतर सुपरमार्केटपलीकडे काही होत नाही.

घर: भाडं म्युनिकपेक्षा बरंच कमी. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, हीटिंग वगैरेचा खर्च सोडून. रिकाम्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा किचनच नसतं, ओटा सिंक काहीच नाही, हे बघून माझी आई व्हिडिओ कॉलवर गप्पच झाली होती. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात तो चर्च टॅक्ससाठी, आपल्याला तो लागत नाही.

नंतरच्या नोकरीचं सरळ सांगतो, फक्त जेलवर नोकऱ्या फार थोड्या. पण नॉनलिनिअर सिम्युलेशन येणाऱ्या माणसाला काम मिळतं आणि ड्रेस्डेनला इन्फिनिऑन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज सगळे बसलेत, अट एकच, जर्मन बी१-बी२ (मधल्या पातळी) पर्यंत न्यायचं, तेही पहिल्या वर्षापासून कारण थीसिस लिहिताना कोण क्लासला जातंय.

तर माझं मत, मोजणारी लॅब शेजारी असेल आणि जागा निदान ७५ टक्के असेल तर घे. कॉन्ट्रॅक्टचा ड्राफ्ट आला की मला पाठव, जर्मनमध्ये असतो, कुठे काय लिहिलंय ते सांगतो.