मेनिस्कस, मास आणि पाण्याची कोर

प्रश्न असा आहे: मोजपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग सपाट न राहता वाकलेला का दिसतो, आणि त्या वाकलेल्या पृष्ठभागाला मराठीत ‘अर्धचंद्र’ म्हणावे की सरळ ‘मेनिस्कस’?

‘अर्धचंद्र’ मुळीच म्हणू नये. अर्धचंद्र म्हणजे अष्टमीचा चंद्र, ज्याची एक कड सरळ रेषेत असते. काचेच्या नळीत दिसतो तो आकार द्वितीया-तृतीयेच्या चंद्राचा. संस्कृतात कोरीलाही अर्धचंद्र म्हणत, हा बचाव मला मान्य नाही, कारण मराठी वाचकाला त्या शब्दात ‘अर्धा’च ऐकू येतो, आणि ‘अर्धचंद्र देणे’ म्हणजे मानगूट धरून हाकलून देणे, हा अर्थ तर मराठीत पक्का रुजलेला आहे. त्याहूनही खटकतो तो ‘पाण्याचा पृष्ठताण डोळ्यांच्या पातळीत धरून वाचा’ हा शब्दप्रयोग. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला आक्रसून धरणारी ओढ, हे त्या आकारामागचे एक कारण आहे, त्या आकाराचे नाव नव्हे.

कारणाविषयी थोडक्यात सांगतो. पाणी मध्यभागी स्वतःच्या वजनाने दबते, हे स्पष्टीकरण उलटे आहे. वजन पृष्ठभागाला सपाट करू पाहते, आणि म्हणूनच घंगाळातील पाणी काठापासून काही मिलिमीटर आत गेल्यावर सपाटच दिसते. वक्रता येते ती काठापाशी. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात तसेच काचेकडेही ओढले जातात. स्वच्छ काचेचे हे आकर्षण इतके प्रबळ असते की पाणी तिच्यावर चढते, आणि पृष्ठताणामुळे त्याच्या लगतचा पृष्ठभागही वर खेचला जातो. पाऱ्याच्या अणूंना काचेपेक्षा एकमेकांचे आकर्षण कितीतरी अधिक असल्याने पारा काठाशी खाली वळतो आणि मध्ये फुगतो. द्रवाचा पृष्ठभाग भिंतीला जेथे भिडतो तेथील, द्रवाच्या बाजूने मोजलेला कोन द्रव आणि भिंत यांच्या प्रत्येक जोडीसाठी ठरलेला असतो, हे थॉमस यंगने 1805 मध्ये मांडले. स्वच्छ काचेवर पाण्यासाठी तो शून्याच्या जवळ, तर पाऱ्यासाठी सुमारे 140 अंश असतो.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहावेसे वाटले, त्याकडे वळतो. ग्रीक भाषेत ‘मेने’ म्हणजे चंद्र आणि ‘मेनिस्कोस’ म्हणजे लहानसा चंद्र, चंद्रकोर. भूमितीत दोन वर्तुळकंसांमधल्या कोरीला ग्रीक गणिती हेच नाव देत, आणि कीऑसच्या हिपोक्राटीसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अशाच एका कोरीचे क्षेत्रफळ काढून दाखवले होते. पुढे हे नाव एका बाजूने फुगीर व दुसऱ्या बाजूने खोलगट अशा भिंगाला मिळाले, गुडघ्यातील कोरीसारख्या कूर्चेला मिळाले आणि नळीतील द्रवालाही मिळाले. परंतु खरा आनंद याच्याही मागे आहे. ‘मेने’चे सख्खे भावंड म्हणजे संस्कृत ‘मास्’, ज्याचा वेदकाळी चंद्र असाही अर्थ होता. ‘चंद्रमा’ या शब्दाच्या शेवटी तोच आहे आणि ‘पौर्णमासी’तही तोच आहे. फारसी ‘माह’ही त्याच कुळातला, आणि त्यावरून आलेला ‘महिना’ आपण रोज वापरतो. (अमावास्येत मात्र मास शोधू नये, तेथे ‘अमा’ म्हणजे एकत्र आणि ‘वस्’ म्हणजे राहणे, सूर्य-चंद्रांचे सहवसन.) हा चंद्रवाचक शब्द मुळात ‘मोजणे’ या अर्थाच्या ‘मा’ धातूचा, ज्यावरून मान, मात्रा आणि प्रमाण हे शब्द आले, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. काही जण येथे शंकेचे प्रश्नचिन्ह लावतात. ती सावधगिरी मला अनाठायी वाटते, कारण जो समाज दिवस चंद्रावरून मोजतो, त्याने चंद्राला ‘मोजणारा’ म्हणावे यात ओढाताण कोठेच नाही. ही व्युत्पत्ती धरली, तर ज्या वक्र पृष्ठावरून आपण द्रव मोजतो, त्याच्या नावातच मोजमाप आहे.

म्हणून माझी सूचना ‘कोर’ या शब्दाची आहे. ‘मेनिस्कस’ चुकीचा नाही, पण ‘कोर’ या शब्दात चंद्राची कला आणि कड हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि हा आकार तर कडेमुळेच उपजतो. इतका नेमका शब्द घरात असताना कोशकारांनी त्याला पारिभाषिक मान का देऊ नये, हे मला कळत नाही. पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असल्याने त्याला कोर म्हणता येणार नाही, हा आक्षेप टिकत नाही. ती उलटी कोर आहे. पाण्याची कोर अंतर्वक्र, पाऱ्याची बहिर्वक्र. ब्युरेटमधील, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या मोजनळीतील, पाण्याचे वाचन कोरीच्या तळाशी घ्यावे, पाऱ्याचे कोरीच्या माथ्याशी घ्यावे, आणि परमँगनेटच्या गडद द्रावणात तळ दिसत नसल्यामुळे कोरीची वरची कड वाचावी.