सम चुकला म्हणून लाइनच बदलायची का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं, की इंटरव्ह्यूमध्ये तुला दोन टेबलं दिली, एक ग्राहकांचं आणि एक ऑर्डरींचं, आणि सांगितलं की ग्राहकांच्या टेबलात 'एकूण खरेदी' नावाचा रिकामा कॉलम आहे तो ऑर्डरींची बेरीज करून भर. तू अपडेटच्या (टेबलातली माहिती बदलायची आज्ञा) सेट या भागात सरळ सम (SUM, बेरजेचं फंक्शन) लिहिलंस, एरर आली, मग घाईघाईत पायथनचा लूप लावून एकेक ग्राहक घेऊन भरायला लागलास, आणि समोरच्याने विचारलं "वीस लाख ग्राहक असतील तर?" तेव्हा तू गप्प झालास. आता तू विचारतोयस की डेटाबेस आपल्याला जमत नाही, तर टेस्टिंगचा कोर्स लावू का.

नको लावूस. म्हणजे टेस्टिंग वाईट आहे असं अजिबात नाही, पण तू तिकडे आवडीने निघालेला नाहीस, घाबरून निघालायस, आणि तिथेही एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) लागतंच, मग हाच प्रश्न परत समोर येईल.

आधी तुझी चूक नेमकी काय होती ते बघू, कारण तू तिला फार मोठी करून बसलायस. सेटमध्ये थेट सम चालत नाही, नेहमीचे डेटाबेस घे, पोस्टग्रेस नाकारतं, मायएसक्यूएल नाकारतं, एसक्यूएल सर्व्हरही नाकारतं. कारण साधं आहे, अपडेट एकेका रोवर (टेबलातल्या ओळीवर) काम करतं आणि सम अनेक रो मिळून एक आकडा देतो, मग कोणत्या रोंची बेरीज करायची हे आधी कुठेतरी सांगायला लागतं. ते सांगायच्या दोन पद्धती. एक, सेटमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे कंसात सबक्वेरी (आतली छोटी क्वेरी) लिहायची, की ऑर्डरींमधून सम काढ जिथे ऑर्डरीचा ग्राहक क्रमांक हा बाहेरच्या ग्राहकाच्या क्रमांकाइतका आहे. दुसरी, आधी ऑर्डरींवर ग्रुप बाय करून ग्राहकामागे एक रो असं छोटं टेबल बनवायचं आणि मग त्याच्याशी जोडून अपडेट करायचं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे अपडेट-फ्रॉमने होतं (लिहायची पद्धत थोडी वेगळी), मायएसक्यूएलमध्ये अपडेटलाच जॉइन लागतो, ओरॅकलवाले बऱ्याचदा मर्ज वापरतात. बस, एवढंच तुला येत नव्हतं, आणि हे आठवड्याभरात हातात बसतं.

पण खरी गंमत पुढे आहे आणि चांगला इंटरव्ह्यू घेणारा तिथेच थांबून बघतो. ज्या ग्राहकाची एकही ऑर्डर नाही त्याचं काय? पहिल्या पद्धतीत त्याच्या कॉलमात नल (म्हणजे किंमतच नाही) येतो, शून्य नाही, कारण काहीच नसलेल्याची सम नल असते, काउंट मात्र शून्य देतो. म्हणून कोअॅलेस (नल असेल तर त्याजागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावून शून्य करायचं. दुसऱ्या पद्धतीत त्याहून बेरकी प्रकार होतो, तो ग्राहक जोडणीत येतच नाही, त्यामुळे त्याला कोणी हातच लावत नाही आणि कालचा जुना आकडा तसाच राहतो. म्हणजे कोणाच्या सगळ्या ऑर्डरी रद्द होऊन डिलीट झाल्या तरी त्याची एकूण खरेदी जुनीच दिसत राहणार, आणि एरर काही येणार नाही, हेच वाईट.

आणि अजून एक, दोन बेरजा एकदम करायला गेलं की. समज एका ग्राहकाच्या 2 ऑर्डरी आहेत, 200 आणि 300, आणि त्याने 3 हप्त्यांत पैसे भरलेत. तू ग्राहक, ऑर्डरी आणि हप्ते तिन्ही टेबलं एकदम जॉइन केलीस तर 6 रो तयार होतात, ऑर्डरींची बेरीज 500 ऐवजी 1500 येते आणि हप्त्यांची दुप्पट. अनुभवी माणसंसुद्धा इथे फसतात. उपाय एकच, प्रत्येक टेबलाची बेरीज आधी वेगळी काढायची आणि मग जोडायचं.

आता करिअरचं. "वीस लाख ग्राहक असतील तर" या प्रश्नात तुला पाठ केलेलं उत्तर विचारलं नव्हतं. तू एकेक रो पकडून चाललायस की सगळा ढीग एकदम बघतोयस, हे त्यांना बघायचं होतं. लूप शिकलेल्या सगळ्यांनाच सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण कॉलेजात आधी लूप शिकवतात, त्यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. आणि लाइन निवडताना हाच प्रश्न कामाला घे. अॅनालिस्टला बऱ्याचदा टेबलात लिहायची परवानगीच नसते, तो हीच बेरीज सिलेक्टमध्ये करतो. बॅकएंडवाल्याला ठरवायला लागतं की हा कॉलम मुळात हवाच का, की प्रत्येक वेळी व्ह्यूमधून (साठवून ठेवलेल्या क्वेरीतून) बेरीज काढली तर चालेल, आणि कॉलम ठेवलाच तर एकाच वेळी दोन ऑर्डरी आल्यावर एक आकडा दुसऱ्याला खाणार नाही हे कोण बघणार. डेटा इंजिनिअर रात्री सगळं नव्याने भरतो, डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) काळजी असते की एवढं मोठं अपडेट चालू असताना बाकीच्यांची कामं लॉकमध्ये अडकू नयेत. या चारपैकी कोणता प्रश्न वाचताना तुला अजून वाचावंसं वाटलं ते मला कळव, मार्कांपेक्षा मला त्यावरून जास्त कळेल.

पोस्टग्रेस फुकट आहे, स्वतःच्या मशीनवर टाक. तीन टेबलं बनव, ग्राहक फक्त तीनच ठेव, एकाच्या दोन ऑर्डरी आणि तीन हप्ते, एकाची एक ऑर्डर, एकाचं काहीच नाही. कागदावर उत्तर आधी लिही, मग क्वेरी चालव. अपडेटच्या आधी तोच हिशोब सिलेक्टने बघायचा, मग बिगिन लिहून अपडेट, आकडे जुळले तर कमिट (बदल पक्का) नाहीतर रोलबॅक (बदल मागे), ही सवय आत्ताच लाव. ते जमलं की ऑर्डरी दहा लाख कर आणि तुझा तो लूपसुद्धा एकदा चालवून वेळ मोज, ऑर्डरींच्या ग्राहक क्रमांकावर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) लावून आणि काढूनही बघ. पुढच्या इंटरव्ह्यूत लिहायला सुरुवात करायच्या आधी तोंडाने विचार, "ज्यांची ऑर्डर नाही त्यांना शून्य हवं का?"

टेस्टिंगच्या कोर्सची फी मात्र एवढं होईपर्यंत भरू नकोस.