वाचकांचे प्रश्न : पेशींच्या पायाखालची जमीन

मागच्या अंकात स्टेम सेल्सवर, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींवर, लिहिलं होतं, त्यात एक वाक्य होतं की लॅबमध्ये या पेशी कोलॅजन, लॅमिनिन, रेशीम अशा नैसर्गिक प्रथिनांवर वाढवतात. त्या एका वाक्यावरच एवढी पत्रं आली की हे सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. चार पत्रं घेते.

मी कोल्हापूरला एमएस्सी बायोटेक करतेय. आमच्याकडे बोन मॅरोच्या स्टेम सेल्स साध्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये मस्त वाढतात. मग आयपीएस पेशींना (साध्या पेशींना मागे नेऊन लॅबमध्ये बनवलेल्या स्टेम सेल्सना) एवढं महागडं कोटिंग कशाला लागतं?

अगं, तो फ्लास्क साधा नसतोच. पॉलिस्टायरिनला पाणी आवडत नाही म्हणून कंपनी त्याच्या तळावर प्रक्रिया करून पाठवते, आणि वर तू मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालतेस तेव्हा त्यातलं फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन तळाला जाऊन बसतं, पेशी धरतात ते या प्रथिनांना, प्लास्टिकला नाही. म्हणजे कोटिंग तूही करतेच आहेस, फक्त ते आपोआप होतंय म्हणून दिसत नाही.

पेशीच्या बाहेरच्या अंगाला इंटेग्रिन नावाचे जणू हातच असतात. ते प्रथिनात ठराविक पकड शोधतात, त्यातली सगळ्यात प्रसिद्ध पकड म्हणजे आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड अशी ओळीने आलेली तीन अमिनो आम्लं, पिअर्शबाखर आणि रुओसलाहती यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलेली. पकड मिळाली की पेशी पसरते, आतला सांगाडा ताणते, विभागायला लागते. नाही मिळाली तर अशा चिकटून जगणाऱ्या पेशी मरतात, मीडिया कितीही चांगला असू दे.

आयपीएस आणि एम्ब्रियॉनिक (अगदी सुरुवातीच्या गर्भातून घेतलेल्या) पेशी या बाबतीत फारच हट्टी. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी मानवी एम्ब्रियॉनिक पेशी पहिल्यांदा वाढवल्या त्या उंदराच्या जिवंत पेशींच्या थरावर. २००१ मध्ये तो थर काढून मॅट्रिजेल वापरता येतं हे दिसलं. मॅट्रिजेल म्हणजे उंदराच्या एका ट्यूमरमधून काढलेला अर्क, त्यात मुख्य लॅमिनिन आणि कोलॅजन फोर. ४ डिग्रीला पातळ, गरम झालं की घट्ट, म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचं, टिप्स पण गार करून घ्यायच्या, नाहीतर पिपेटमध्येच गोळा होतो. काम छान करतं पण आत नेमकं काय किती आहे ते बॅचगणिक बदलतं, आणि प्रयोग बिघडला की दोष तुझ्या हाताचा की बॅचचा हे कळायला महिने जातात. म्हणून वहीत बॅच नंबर लिहीत जा, प्रत्येक वेळी.

आणि एक, पकड हा अर्धाच भाग. २००६ मध्ये एंगलर आणि डिशर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सगळ्या जेलवर एकच कोलॅजन लावलं, फक्त खालच्या जेलचा कडकपणा बदलला. मेंदूसारख्या मऊ जेलवर, म्हणजे १ किलोपास्कलपेक्षा (हे कडकपणा मोजायचं एकक) कमी, बोन मॅरोच्या पेशी चेतापेशींसारख्या दिसायला लागल्या, ८ ते १७ वर स्नायूंकडे गेल्या, २५ ते ४० वर हाडाकडे. मीडिया तोच! तू ज्या फ्लास्कमध्ये वाढवतेस ते प्लास्टिक या सगळ्याच्या कितीतरी पट कडक असतं, हे डोक्यात ठेवून तुझे रिझल्ट परत एकदा बघ.

आरमोरीकडे आमचं टसर रेशमाच्या कोशाचं काम आहे, ऐनाच्या झाडांवर अळ्या पाळतो. मुलगा म्हणतो आपल्या कोशावर माणसाच्या पेशी वाढवतात. खरंय का? आणि आमच्या कोशाला भाव येईल का?

दादा, मुलगा बरोबर सांगतोय, आणि तुमच्या कोशात जे आहे ते तुतीच्या कोशात नाही.

आधी तुतीचं सांगते कारण सगळ्यात जास्त काम त्यावर झालंय, अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन यांच्या लॅबमध्ये, आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत). रेशमात दोन प्रथिनं, आतला धागा फायब्रॉइन आणि वरचा डिंक सेरिसिन. लॅबवाले काय करतात तर ५ ग्रॅम कोश कापून २ लिटर पाण्यात सोडियम कार्बोनेट टाकून अर्धा तास उकळतात, म्हणजे तुमच्या घरी कोश शिजवताना जो धुण्याचा सोडा पडतो तोच! डिंक पाण्यात जातो, कोशाच्या वजनातला साधारण पाव भाग. उरलेला कापसासारखा धागा सुकवून लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात ६० डिग्रीला विरघळवतात, मग दोन दिवस पाणी बदलत बदलत ते मीठ काढून टाकतात, आणि हातात राहतं पातळसर द्रव रेशीम. ते मिठाच्या खड्यांवर ओतून घट्ट झाल्यावर खडे धुवून काढले की स्पंज तयार, खड्याच्या जागी भोक. त्या भोकांत बोन मॅरोच्या स्टेम सेल्स सोडायच्या, हाडाकडे नेणारा मीडिया द्यायचा, आणि काही आठवड्यांत त्या आत कॅल्शियम साठवायला लागतात. रेशीम मजबूत, शरीरात सावकाश विरतं, आणि डिंक नीट काढला असेल तर त्रासही कमी. मला स्वतःला हा पदार्थ फार आवडतो.

आता तुमचा कोसा, म्हणजेच टसर. वरच्या उत्तरात ती तीन अमिनो आम्लांची पकड सांगितली ना, ती तुतीच्या फायब्रॉइनमध्ये नसते, टसरच्या फायब्रॉइनमध्ये निसर्गतःच असते. म्हणून पेशी त्यावर चांगल्या बसतात, आयआयटी खरगपूरला सुभाष कुंडू यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं. मग अडचण कुठे? तर टसरचा धागा त्या लिथियम ब्रोमाइडला सहजी दाद देत नाही. त्यामुळे त्यांनी कोश बाजूला ठेवून पूर्ण वाढलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच थेट फायब्रॉइन काढलं.

भावाचं खरं तेच सांगते, लॅबला लागतात ते ग्रॅममध्ये, तुम्ही विकता हजारांनी. यावर भरवसा ठेवून झाडं वाढवू नका, सध्या तुमचं गिऱ्हाईक साडीवालाच. पण मुलाला हे शिकायचं असेल तर जरूर शिकू द्या, कोशातल्या बारीकसारीक गोष्टी ज्याला घरात बसल्या बसल्या माहीत आहेत असा विद्यार्थी कुठल्याही लॅबला हवाच असेल.

आम्ही जैन आहोत. यात प्राण्यांचं काय काय वापरतात ते स्पष्ट सांगा. – सांगलीहून एक वाचक

स्पष्टच सांगते. जिलेटिन डुकराच्या कातडीचं किंवा गुराच्या हाडाचं. कोलॅजन बऱ्याचदा उंदराच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचं, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेलं. मॅट्रिजेलचं वर आलंच. सीरम गायीच्या गर्भातल्या वासराचं. आणि रेशमात बहुतेक वेळा कोशातला जीव जातो.

यातून बाहेर पडायची धडपड शास्त्रज्ञांची पण आहे, कारण वेगळं असलं तरी. २००५ मध्ये लक्षात आलं की प्राण्यांच्या सामग्रीत वाढलेल्या मानवी एम्ब्रियॉनिक पेशींच्या अंगावर एक परकी साखर येऊन बसते, जी माणसाचं शरीर स्वतः बनवत नाही आणि जिच्याविरुद्ध आपल्या रक्तात अँटिबॉडी असतात. अशा पेशी रुग्णाला कशा देणार? म्हणून आता मानवी लॅमिनिन ५२१, लॅमिनिन ५११ चा तुकडा, व्हिट्रोनेक्टिन हे जनुक वापरून लॅबमध्येच तयार करतात. महाग आहे, पण आत काय आहे ते माहीत असतं. माझ्या मते हाच रस्ता बरोबर आहे, तुमच्या कारणासाठीही आणि रुग्णासाठीही.

आईचे गुडघे पूर्ण झिजलेत. एका क्लिनिकमध्ये म्हणाले स्टेम सेल आणि कोलॅजनचं स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा साचा) घालतो, कूर्चा परत येईल, पण पैसे आधी भरा. काय करू? – ठाण्याहून एक वाचक

ताई, आधी पैसे भरू नका. हे वाचून मला रात्रभर चैन पडलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथिनाच्या थरावर वाढवलेल्या पेशींनी माणसं बरी झालीत हे खरं आहे. इटलीत मोदेनाच्या गटाने डोळ्यातल्या बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल्स फायब्रिनवर, म्हणजे रक्ताची गुठळी ज्याची बनते त्या प्रथिनावर वाढवल्या आणि भाजलेल्या डोळ्यांसाठीच्या त्या उपचाराला २०१५ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. त्याच गटाने वाढवलेल्या कातडीने जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची ८० टक्के त्वचा नवी झाली, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि गुडघ्यासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेलं एक उत्पादन आहे, डुकराच्या कोलॅजनच्या पडद्यावर रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी. पण नीट बघा, त्या स्टेम सेल्स नाहीत, आणि ते कूर्चेला पडलेल्या खळग्यासाठी आहे, पूर्ण झिजलेल्या सांध्यासाठी नाही.

मंजुरी ही त्या त्या उत्पादनाला आणि आजाराच्या ठराविक टप्प्याला असते, "स्टेम सेल" या शब्दाला नसते. म्हणून क्लिनिकला लेखी विचारा, उत्पादनाचं नाव काय, भारताच्या औषध नियंत्रकांची मंजुरी कुठल्या आजारासाठी आहे. मंजुरी नसेल तर ती चाचणी ठरते आणि मग सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या ठिकाणचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी वापर चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. दरम्यान आईंना एखाद्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे दुसऱ्या मतासाठी न्या, पूर्ण झिजलेल्या गुडघ्यासाठी सांधा बदलणं हा चांगला तपासलेला उपाय आहे.

क्लिनिकने कागद दिलेच तर त्यांचे फोटो मला पाठवा, पुढच्या अंकाची वाट न बघता वाचून कळवते.