पहिले ठासणीचे रिव्हॉल्व्हर निवडताना

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ओहायोतल्या नेमबाजी क्लबात तू नाव घातलेस आणि आता काळ्या दारूचे, ठासणीचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे म्हणतोस, हे वाचून मला पेन्सिल्व्हेनियातल्या नोकरीची वर्षे आठवली. तू पाठवलेल्या तीन चित्रांपैकी तुझा जीव जडलेला दिसतो तो चकचकीत पितळी चौकटीच्या (सिलिंडर ज्यात बसतो त्या सांगाड्याच्या), ४४ कॅलिबरच्या (म्हणजे नळीच्या मापाच्या) 'नेव्ही'वर, कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या जुन्या नमुन्याच्या प्रतिकृतीवर. ते घेऊ नकोस. माझे पहिले रिव्हॉल्व्हर नेमके तेच होते, आणि ते मी केवळ स्वस्त व देखणे म्हणून घेतले होते.

तांबट आळीत लहानपण गेलेल्या मला खरे तर हे कळायला हवे होते की, ठोके खाऊन आकार बदलणे हा पितळेचा स्वभाव आहे. प्रत्येक बाराबरोबर सिलिंडर (दारू-गोळी भरायची घरे असलेला फिरता दंडगोल) मागे येऊन चौकटीवर आदळतो, पितळेत हळूहळू खळगा पडतो आणि सिलिंडर व नळी यांच्यातली फट वाढत जाते. भरपूर दारू भरण्याच्या हौसेमुळे दुसऱ्या वर्षीच माझा सिलिंडर डुगडुगू लागला. थोडीच दारू भरणाऱ्याचे पितळ पुष्कळ वर्षे टिकते, हेही खरे. पण नवशिक्याचा हात आवरत नाही. शिवाय इतिहासाच्या दृष्टीनेही ती वस्तू जरा विनोदीच आहे. कोल्टचे १८५१चे मूळ नेव्ही ३६ कॅलिबरचे होते आणि त्याची चौकट पितळेची नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धात लोखंडाची टंचाई असलेल्या दक्षिणेकडच्या कारखान्यांनी पितळी चौकटी ओतल्या, पण त्याही ३६ कॅलिबरच्याच.

तेव्हा चौकट पोलादीच घ्यायची, हे ठरले. आता प्रश्न कोल्टच्या घडणीचे घ्यावे की रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या, हा. कोल्टची चौकट वरून उघडी असते आणि नळी एका पाचरीने धरलेली असते. ते हातात फार सुंदर बसते, परंतु त्याची नेम धरायची मागची माशी म्हणजे घोड्यावरची (बार उडवणाऱ्या हातोडीवरची) एक खाच असते आणि फुटलेल्या टोपीचे (घोडा आपटताच ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या लहान टोपणाचे) तुकडे यंत्रात पडून घोडा अडकण्याची खोड त्याला जास्त. रेमिंग्टनला सिलिंडरच्या वरून पोलादी पट्टी असल्याने चौकट बंदिस्त व भक्कम होते, माशी स्थिर राहते आणि आस (सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा) पुढे ओढली की सिलिंडर बाजूला निघतो. तोटा एकच, पण तो लक्षात ठेव: काजळीने त्याची आस लवकर जाम होते, म्हणून तिला वंगण सढळ हाताने लावावे लागते. लोक त्याला '१८५८' म्हणतात खरे, पण ती नळीवर कोरलेल्या पेटंटची तारीख आहे. 'न्यू मॉडेल आर्मी' हा रेमिंग्टनचा नमुना प्रत्यक्षात १८६३च्या सुमारास बनू लागला. माझे मत विचारशील तर पिएट्टी किंवा उबेर्ती या इटालियन कारखान्यांपैकी कोणाचेही पोलादी, ४४ कॅलिबरचे रेमिंग्टन घे.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याची परवानगी घेऊन आणि सिलिंडर रिकामा असल्याची स्वतः खात्री करून घोडा सावकाश पूर्ण मागे ओढ. सिलिंडर प्रत्येक घरावर पक्का थांबला पाहिजे. घोडा मोकळा सोडू नकोस; अंगठ्याने धरून खाली आण, कारण टोपीविना आपटला तर निपलची (ज्यांवर टोपी बसते त्या बारीक नळ्यांची) तोंडे चेपतात.

दारू फक्त काळी, 'एफएफएफजी' म्हणजे बारीक दाण्याची, किंवा तिचा मान्यताप्राप्त पर्याय. आधुनिक धूररहित दारूची चिमूटही त्यात जाता कामा नये, कारण तिच्या दाबाने सिलिंडर फुटू शकतो. सुरुवातीला २० ते २५ ग्रेन (दारू मोजायचे छोटे वजन) पुरे, आणि तेही वेगळ्या मापाने भरावे. डबीतून थेट घरात ओतू नये, आत ठिणगी राहिली असेल तर डबीच पेटेल. गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि घरापेक्षा किंचित मोठी हवी (बहुधा ०.४५१ किंवा ०.४५४ इंच, पण पुस्तिका पाहा), म्हणजे दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाते आणि घर बंद होते. त्यावर वंगण, निपलवर घट्ट बसणारी टोपी; एका घराची आग शेजारच्या घराला लागू नये म्हणून हा सारा खटाटोप. सहापैकी पाचच घरे भर आणि घोडा रिकाम्या घरावर ठेव.

त्याच संध्याकाळी गरम पाणी व साबणाने सगळे धुऊन, कोरडे करून तेल लाव. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडे श्रावणात विळीला जसा गंज चढतो, तसा तो नळीत एका रात्रीत चढतो. हे काम टाळावेसे वाटत असेल तर आधी क्लबातल्या एखाद्या जुन्या सभासदाचे रिव्हॉल्व्हर उडवून, मग ते धुऊन बघ आणि मगच पैसे मोज.

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात अशा प्रतिकृतींना साधारणतः सूट असली, तरी राज्याचे व शहराचे नियम निराळे असू शकतात. तुझा व्हिसा कोणता आहे तेही सांगून खरेदीपूर्वीच लेखी विचारून घे. इकडे मात्र १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय असली वस्तू आणता येत नाही. म्हणून दिवाळीला येशील तेव्हा ते तिकडेच कुलपात ठेव. मला पहिल्या पन्नास बारांनंतरचा कागदी निशाणा आणून दाखव, आणि किती ग्रेन भरले होते ते त्याच्या मागे लिहायला विसरू नकोस.

तुझा,
काका