मळीची जमीन आणि माळावरची घरं

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरातल्या आपल्या उद्योजकांच्या असोसिएशनच्या कमिटीत तुला घेतलं, आणि लगेच 'उद्योगवाढ, घरं आणि शेतजमीन' हे लचांड गळ्यात मारलं म्हणे. सगळ्यात नवीन माणसाला सगळ्यात अवघड काम द्यायची आमची जुनीच खोड. सुरुवात कुठनं करू म्हणून विचारलंस. प्रेझेंटेशन राहू दे. दोन दिवस पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर उभी राहा आणि एकेकाला विचार, राहतोस कुठं, भाडं किती, यायला वेळ किती लागतो.

मी हे उशिरा केलं. 2019 च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आमच्या फाउंड्रीत भट्टीला वीज होती, ऑर्डर होत्या, मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, माणूस नव्हता. पाणी ओसरल्यावर आमचा एक जुना मोल्डर कामावर आला, त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत भिजलेला बाँड, स्टँपपेपरवरचा करार. नदीकडंला गुंठाभर प्लॉट घेतलेला, बाँडवरच. सात-बाऱ्यावर नाव कधी लागलंच नाही. कागद त्यानं कोअर शॉपच्या ओव्हनवर वाळत घातला, तरी शाई उतरलेलीच. पंधरा वर्षं मी त्याला पगार दिला आणि तो कुठं राहतो हे मला माहीत नव्हतं.

आता शेतकऱ्याकडं बघ. त्याला 'शेती वाचवा' म्हणून व्याख्यान देऊ नकोस. चार भावांत एकर वाटला की वाट्याला दहा गुंठे. एकरी 40 टन धर, म्हणजे दहा टन ऊस. टनाला 3 हजार धरलेस तरी वर्षाला 30 हजार, त्यातनं खत, पाणी, मशागत वजा. आणि प्लॉटिंगवाला रोख घेऊन दारात उभा. विकेल नाहीतर काय करेल?

पण ती जमीन मळीची आहे, गाळाची. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, बंधारे झाले, पाणीपुरवठा संस्थांनी पाइपलाइनी टाकल्या, तेव्हा कुठं ती अशी पिकायला लागली. तिच्यावर एकदा मुरूम पडला की ती परत येत नाही. शिवाय भराव घातला की पुराचं पाणी शेजारच्या उसात घुसतं, आणि तिथनं पुढं कोर्ट.

गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार या एमआयडीसींच्या बाजूला माळ आहे. घरं तिकडं चढवायची, मळी उसाला नि भाजीला सोडायची. मला एवढंच कळतं. पण हे एकट्या असोसिएशनचं काम नाही. शिरोलीवाले, गोकुळ शिरगाववाले आणि कागलवाले एकत्र बसले आणि पुढच्या पाच वर्षांत कामगारांसाठी भाड्याच्या एवढ्या खोल्या घेऊ असं लिहून दिलं, तर बिल्डर माळावर बांधेल. त्याला गिऱ्हाइकाची खात्री पाहिजे, बाकी काही नको. केएमटीची बस पाळीच्या वेळेला मिळाली पाहिजे, नाहीतर माळावरची घरं मोकळीच राहतील.

एक सावधगिरी. गावात गेलीस की 'हद्दवाढ', म्हणजे गावं शहराच्या हद्दीत घेणं, हा शब्द तोंडातनं काढू नकोस. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासनं या विषयावर मोर्चेच निघालेत. 2017 ला 42 गावांचं विकास प्राधिकरण केलं, तरी लोकांच्या मनातली घरफाळ्याची नि आरक्षणाची भीती गेली नाही. खरं सांगायचं तर ती उगाच नाही. आधी ऐकून घे.

आणि पहिली बैठक एसी हॉलमध्ये नको. तिथं शेतकरी कडेच्या खुर्चीत बसतो आणि 'बघू' म्हणून उठतो. हंगाम सुरू झाला की एखाद्या गुऱ्हाळावर घे. काहिलीतला रस उकळेपर्यंत कुणाला घाई नसते. साखर कारखान्याचा माणूस, दूध संस्थेचा चेअरमन, सरपंच, पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरी, एक बिल्डर. भाषण कुणाचं नको. जमिनीवर पूररेषेचा नकाशा पसर, निळ्या आणि लाल रेषेचा, आणि ज्याचं शेत त्यालाच बोट ठेवायला सांग.

नकाशा आधी मला दाखव. रविवारी सकाळी ये, काकू मिसळ करणार आहे. प्रिंट मोठी काढ, चष्म्याचा नंबर परत वाढलाय.

तुझा,
उद्यमनगरातला काका