‘व्हॉट आय वुडन्ट गिव्ह’: देणार की नाही देणार?

प्रश्न असा आला आहे: एका इंग्रजी मालिकेत उन्हात अडकलेला माणूस म्हणतो, ‘व्हॉट आय वुडन्ट गिव्ह फॉर अ कोल्ड बिअर!’ आता ‘वुडन्ट गिव्ह’ म्हणजे ‘देणार नाही’. मग या गड्याला बिअर हवी आहे की नको?

हवी आहे, आणि जाम हवी आहे. इथला नकार नावापुरता. आपणही रोज असंच बोलतो की! ‘पोरांसाठी तिने काय नाही केलं!’ हे ऐकून ‘मग काय करायचं राहिलं?’ असं कुणी विचारत नाही. होतं नव्हतं ते सगळं केलं, हे आपल्याला न सांगता कळतं. तसंच हे. आत्ता थंडगार बिअर मिळत असेल तर मी काय नाही देणार! म्हणजे मागाल ते देईन.

मराठीत आणताना ‘नाही’ची जागा मात्र सांभाळायची. ‘मी काय नाही देणार!’ यात तळमळ आहे. ‘मी काय देणार नाही’ म्हटलंत की संपलं; बोलीत ‘काही’चं सर्रास ‘काय’ होतं, त्यामुळे समोरच्याला सरळ ‘दमडी सुटणार नाही’ असंच ऐकू येईल.

गंमत अशी की ‘नॉट’ गाळून ‘व्हॉट आय वुड गिव्ह फॉर...’ म्हटलं तरी इंग्रजीत अर्थ तोच राहतो. दोन्ही रूपं रुळलेली आहेत. वस्तू हवी असेल तर पुढे ‘फॉर’, काही करायचं असेल तर ‘टू’: ‘व्हॉट आय वुडन्ट गिव्ह टू सी हर अगेन!’ वेळ निघून गेली असेल तर ‘वुडन्ट हॅव गिव्हन’.

काय देणार ते नाव घेऊन सांगायचीही इंग्रजीत पद्धत आहे. कुणी उजवा हात देऊ करतं, कुणी ‘आय टीथ’. यातला ‘आय’ म्हणजे ‘मी’ नव्हे, डोळा. डोळ्यांखाली येणारे वरचे सुळे ते ‘आय टीथ’. आपल्या गोष्टींतले राजे निदान अर्धं राज्य तरी देतात!

मला विचाराल तर भाषांतरात हे देणंघेणं बहुतेक वेळा सोडूनच द्यावं. ‘वाट्टेल ते देईन’ म्हटलं की सौदा चालल्यासारखं वाटतं. मराठी माणूस अशा वेळी वाक्य अर्ध्यावर सोडतो: ‘आत्ता एक गार बिअर मिळाली असती ना...’ आणि प्रसंग गंभीर असेल तर ‘तिला एकदा बघायला जीव आसुसलाय’.

आणि हो, हॉटेलात वेटर समोर उभा असताना हे वाक्य टाकू नका. जे आत्ता हाताशी नाही, त्याच्यासाठीच ते शोभतं. बिअर मेन्यूत असेल तर सरळ मागवा.